फ्रेंच बेटावर गेलेली गीझरची गोष्ट

मला गाता येत नाही, पोहता येत नाही, आणि शाळेच्या क्रिकेटमध्ये मला कायम स्कोअर लिहायला बसवत. पण जळायला मला लहानपणापासून उत्तम येतं. बहारीनला आल्यापासून तर हात चांगलाच बसला आहे. उम्म अल हस्सममधल्या आमच्या इमारतीत गाडी लावायची पत्र्याखालची जागा तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मिळाली, त्यांच्यावर मी सहा वर्षं जळतो आहे. जुलैत ते स्टिअरिंगला हात लावू शकतात. मी रुमालाने धरतो. माणूस इतका सज्जन की दिवाळीला स्वतः फराळ घेऊन येतो. त्यामुळे जळण्यात जी एक मजा असते, तीही तो धड मिळू देत नाही.

तरी स्वतःच्या बायकोवर जळायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. त्यासाठी कॅरिबियन समुद्रापर्यंत जावं लागलं.

आधी माझी थोरवी सांगतो, म्हणजे नंतरची पडझड नीट दिसेल.

इथल्या आमच्या दहा-बारा मराठी कुटुंबांचं शुक्रवारी दुपारी एकत्र जेवण असतं. बहुतेक वेळा सनदला, कारण आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ जोडप्याचं घर तिथे आहे आणि त्यांचा दिवाणखाना मोठा आहे. त्यांना आम्ही सगळेच काका-काकू म्हणतो. जेवणं झाली, की ए.सी.खालची वेताची खुर्ची माझ्यासाठी रिकामी राहते. हे कोणी ठरवलेलं नाही. अठरा वर्षांत ठरत गेलं. मी बसतो, काका बडीशेपेची वाटी पुढे करत म्हणतात, "हं, होऊन जाऊ दे," आणि मी सुटतो. बँकेतले साहेब लोक, इंजिनिअर, त्यांच्या बायका, सगळे माझ्याकडे तोंड करून बसतात. त्या खुर्चीत मी जेवढा उंच असतो तेवढा दुसरीकडे कुठेच नसतो.

आणि माझ्या गोष्टींचा मुकुटमणी म्हणजे गीझरची गोष्ट. ती इथे सांगून टाकतो, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं.

आम्ही लग्न करून नुकते इथे आलो होतो. जुलै महिना, नईममधली एक जुनी इमारत. भर दुपारी मी आंघोळीला गेलो. माझा निळा शर्ट दारावर टांगला. नळात अडकून राहिलेलं थोडं बरं पाणी होतं, ते अंगावर घेतलं आणि डोक्यापासून पायापर्यंत साबण चोपडला. मग पुन्हा नळ सोडला, तर गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उकळलेलं पाणी! चहा टाकावा असं. दुसरा नळ सोडला, तर तो गीझरचा. तो त्याच्याहून कडक. डोळ्यांत साबण, पाठीला चटका, दाराबाहेर नवीकोरी बायको. आणि अशा अवस्थेत, मी एक हात वर करून सांगत असे, माझ्या डोक्यात वीज चमकली. टाकी उन्हात आहे, पण गीझर घरात आहे, गारव्यात! तो बंद ठेवला तर त्यातलं पाणी आपोआप निवेल! मी आतून गरजलो, "गीझरचं बटण बंद कर!" दुसऱ्या दिवशी गरमचा नळ सोडला आणि गार पाण्याने न्हालो. उन्हाळ्यात गीझर बंद करून गरमच्या नळाचं पाणी वापरायची ही युक्ती इथे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कोणीतरी सांगतंच. पण फेसाने माखलेल्या अंगाने, स्वतःच्या बुद्धीने ती शोधून काढणारा मी एकटा. इथे टाळ्या.

बायको दरवेळी एकच करायची. स्वयंपाकघराच्या दारातून, चहा गाळता गाळता म्हणायची, "अहो, शर्ट निळा नव्हता. राखाडी होता." माणसांत ती मला अहो म्हणते, घरात अरे. सगळे हसायचे, आणि मी हात झटकून पुढे जायचो. सोन्याच्या मुकुटाला कोणी धागा चिकटलाय म्हणावं, तसं.

आता तिचं. मनामात एका फ्रेंच कंपनीचं ऑफिस आहे, तिथे ती खरेदी विभागात आहे. अकरावीत तिने फ्रेंच घेतलं ते मार्क मिळतात म्हणून. पुण्यात तेव्हा हुशार मुली हेच करायच्या. इतरांचं बारावीनंतर सुटलं, हिने मात्र परीक्षांवर परीक्षा दिल्या. मी चिडवायचो, "बोलणार कोणाशी? लक्ष्मी रोडच्या दुकानदाराशी?" घरी ती दोन फ्रेंच वाक्यं फोनवर बोलायची, तीही गॅलरीत जाऊन. मला वाटायचं, आपल्या कुकरच्या शिट्टीने तिकडच्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून.

यंदा तिला त्या ऑफिसात पंधरा वर्षं झाली आणि कंपनीने बक्षीस दिलं. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर, जिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये चालतो, तिथल्या समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये सहकुटुंब एक आठवडा. राहणं, खाणं, पिणं, होड्या, सगळं त्यातच. सहकुटुंबातलं कुटुंब म्हणजे मी आणि आमची पंधरा वर्षांची मुलगी. लोक मला विचारत, "मग काय, कॅरिबियन?" आणि मी अशा थाटात मान डोलवायचो की बक्षीस मलाच मिळालंय. व्हिसाच्या फॉर्मवर मी "सोबत प्रवास करणारा जोडीदार" होतो. तो शब्द मला थोडा टोचला होता, पण मी मनावर घेतलं नाही. मला एकच दिसत होतं: शुक्रवार. वेताची खुर्ची. हातात कॅरिबियनची कोरी करकरीत गोष्ट. गीझरला अठरा वर्षं झाली होती. लोक आता माझ्याआधी ओठ हलवायला लागले होते. मला नवीन माल हवा होता, आणि तो आणायलाच मी निघालो होतो.

मनामाहून पॅरिस, पॅरिसहून पुन्हा अखंड समुद्र. एका बेटावरून उठून आम्ही दुसऱ्या बेटावर गेलो, पण तिथला समुद्र पाहून मला आमच्या बेटाची कीव आली. आमचा समुद्र म्हणजे इस्त्री केलेली फिकट चादर. हा म्हणजे नव्या रंगपेटीतला, अजून कोणी ब्रश न बुडवलेला निळा. माडाखाली कोंबड्या फिरत होत्या, अगदी आपल्याकडच्या कोंबड्या, पण सुट्टीवर आल्यासारख्या. पेलिकन नावाचा तो पोतं लटकवलेला पक्षी धाडकन पाण्यात कोसळायचा आणि मासा घेऊन वर यायचा. हातावर नारिंगी पट्टा बांधला, की सगळं आपलं. मी पहिल्या जेवणाला इतकं वाढून घेतलं की मुलगी म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अ वेडिंग. इट विल बी देअर टुमॉरो."

माझी गोष्ट घडायला आता काहीच हरकत नव्हती. फक्त एक अडचण होती. तिथे कोणाला मी कळत नव्हतो.

बहारीनमध्ये माझं इंग्रजी, हिंदी आणि पाच अरबी शब्द यांच्यावर सगळं निभतं. या बेटावर इंग्रजी म्हटलं की लोक गोड हसायचे आणि दुसऱ्या कोणाला तरी बोलवायला जायचे. तो दुसरा येत नसे. रम ओतणाऱ्याला मी सवयीने अरबीत "खलास, खलास", म्हणजे पुरे पुरे, म्हणालो. त्याने ग्लास काठोकाठ भरला आणि खूश होऊन निघून गेला.

त्यात तिथली एक रीत. जेवायला आपलं आपलं कोपऱ्यात बसायचं नाही. आठ-आठ जणांची गोल टेबलं, आणि ज्याच्या शेजारी जागा त्याच्याशी गप्पा. माणसांत बसून बोलणं म्हणजे माझं माहेर! आमच्या टेबलावर फ्रान्समधला एक निवृत्त पोस्टमास्तर होता. मिशा अशा, की त्यांना स्वतंत्र खुर्ची द्यावी. त्याची बायको होती, आणि एक दातांची डॉक्टरीण आपल्या बहिणीबरोबर होती. पोस्टमास्तर बोलायला लागला आणि मी दोन मिनिटांत ओळखलं, हा आपल्या जातीचा. थांबायचं कुठे, आवाज खाली कधी आणायचा, काटा हवेत धरून ठेवायचा कसा, सगळं त्याला येत होतं. फक्त तो काय म्हणतो ते मला येत नव्हतं. सगळे हसले की मी हसायचो, दोन क्षण उशिरा. मुलीला शाळेत तिसरी भाषा फ्रेंच. ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, दॅट वॉज द सॅड पार्ट. द डॉग डाइड."

आणि मग माझ्या बायकोने तोंड उघडलं.

मी तिला एकवीस वर्षं ओळखतो. मराठी बोलताना तिचे हात मांडीवर असतात. वाक्य छोटं, आवाज मध्यम, आणि काम झालं की गप्प. फ्रेंच बोलताना तिचे खांदे वर गेले. भुवया वर गेल्या. ओठांचा चंबू झाला. हात निघाले ते थेट डॉक्टरिणीच्या ग्लासपर्यंत. ती काहीतरी म्हणाली आणि पोस्टमास्तरने काटा खाली ठेवला. माझ्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ कळतो. ऐकणाऱ्याने काटा खाली ठेवला, की जिंकलं. गेल्या अठरा वर्षांत काकांनी माझ्यासाठी बडीशेपेची वाटीसुद्धा खाली ठेवलेली नाही.

मी पापलेटासारखा दिसणारा कुठलासा मासा चावत बसलो. आणि तिच्यावर जळायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवसापासून ती त्या टेबलाची राणी. आम्ही जेवायला आलो की डॉक्टरीण शेजारची खुर्ची थोपटायची. माझी नव्हे, तिची. सकाळी पाण्यातल्या कवायतीला लोक तिला हाका मारायचे. मला बघून लोक हसून मान हलवायचे, जसं आपण कोणाच्या वृद्ध वडिलांना बघून हलवतो. ती मला उलगडून सांगायला बघायची, "अरे, तो म्हणाला की...", आणि मी म्हणायचो, "असू दे, कळलं." काहीही कळलेलं नसायचं.

म्हणून मी हत्यार काढलं. आम्ही प्रवासाला निघालो की मी चिवडा करतो. मीच करतो; पातळ पोहे कधी भाजायचे आणि फोडणीत खोबऱ्याचे काप कधी टाकायचे हे माझ्या हाताला कळतं. सगळं फुकट आहे तिथे चिवडा कशाला, म्हणून निघताना बायकोशी वाद झाला होता. आता मी तो स्टीलचा डबा जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ठेवला आणि झाकण उघडलं. ज्याला भाषा नाही त्याला चिवडा असतो! पोस्टमास्तरने चिमूट घेतली. मग मूठ घेतली. मिशांत पोहे अडकले. सगळ्यांनी एकदम विचारलं, हे काय आहे? मी छाती भरून श्वास घेतला, आणि पुढची पाच मिनिटं माझी बायको बोलली. पोहे कसे, डाळं कसं, कढीपत्ता कसा. लोकांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी! वाढणारी बाई, त्या बेटावरचीच, साठीला आलेली, केसांना पिवळा रुमाल बांधलेली, तीही ट्रे घेऊन ऐकत उभी राहिली. जाताना तिने काहीतरी विचारलं, बायकोने उत्तर दिलं आणि उरलेला डबा तिच्या हातात ठेवला.

"माझा डबा?" मी म्हणालो.

"तिच्या आईला आवडेल म्हणाली. अरे, दे की."

"आणि चिवडा कोणी केला ते सांगितलंस का?"

"खा ना आता. गार होतंय."

चिवडा गेला, डबा गेला, कीर्ती गेली.

चौथ्या दिवशी दुपारी आभाळ कोसळलं. पोस्टमास्तरची एक लांबलचक गोष्ट संपली, टेबल हसून शांत झालं, आणि त्या शांततेत माझ्या बायकोने रुमालाला हात पुसले. ती बोलायला लागली. मी नेहमीप्रमाणे केळ्याच्या भज्यांकडे वळलो होतो. मग मला तिचा हात दिसला. तो नळ फिरवत होता. दुसऱ्या हाताने ती डोक्यावरून खाली साबण चोळत होती. मग एकदम आखडली, डोळे मिटले, पाठ कमानीसारखी.

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "शीज टेलिंग द गीझर वन."

माझी गोष्ट! माझा मुकुटमणी, माझ्यासमोर, चारचौघांत, नको त्या भाषेत! आणि काय सांगत होती ती. जिथे मी आवाज चढवतो तिथे तिने उतरवला. जिथे मी घाई करतो तिथे ती थांबली, इतकी थांबली की शेजारच्या टेबलावरची माणसंही वळली. पोस्टमास्तरचा काटा खाली. ट्रेवाली बाई उभी. आता वीज चमकायची जागा आली, मी श्वास रोखला. तिने दोन्ही हात तोंडापाशी नेऊन लहान मुलासारखा टाहो फोडला. दोन शब्द, स्वच्छ मराठीत: "आई गं!"

मग ती उठून दोन पावलं चालली, एक दार ठोठावलं, कोणाचं तरी ऐकून घेतलं, परत आली, भिंतीवरचं बटण टक् करून बंद केलं, आणि ते बोट वळवून स्वतःच्या छातीवर टेकवलं.

सगळं टेबल हसून कोसळलं. डॉक्टरीण डोळे पुसत होती. पोस्टमास्तरने उठून तिला वाकून नमस्कार केला आणि मग माझ्या पाठीवर इतक्या प्रेमाने थाप मारली की भजं घशात अडकलं.

संध्याकाळ होण्याआधी मी तिला समुद्रकाठी गाठलं. ती पाण्यात पाय सोडून बसली होती.

"तू माझी गोष्ट सांगितलीस."

"कुठली?"

"कुठली काय! गीझरची."

"ती तुझी कधीपासून झाली?"

"अठरा वर्षं मी सांगतोय!"

"आणि अठरा वर्षं मी चहा गाळत ऐकतेय." तिने वाळूतला एक शिंपला उचलला, पाहिला, परत ठेवला. "समोरच्या चाचींकडे कोण गेलं होतं रे?"

मी पेलिकनकडे बघत राहिलो. समोर रत्नागिरीकडच्या चाची राहायच्या, हे खरं. आमच्या आधी वीस वर्षं बहारीनमध्ये होत्या. त्या दिवशी बायकोने जाऊन त्यांचं दार वाजवलं, हेही खरं. त्या हसून म्हणाल्या होत्या, "अगं पोरी, उन्हाळ्यात गीझर बंद ठेवायचा नि गरमचा नळ सोडायचा." वर फ्रिजमधल्या गार पाण्याच्या चार बाटल्या दिल्या होत्या. त्या चारी बाटल्या हिने दार किलकिलं करून माझ्या डोक्यावर ओतल्या, तेव्हा मी आईला दुसऱ्यांदा हाक मारली होती. हे सगळं मला माहीत होतं. म्हणजे कुठेतरी माहीत होतं. इतक्या वेळा वीज चमकवल्यावर मलाही ती दिसायला लागली होती.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" मी म्हणालो. "शर्टाचा रंग चुकला की लगेच बोलतेस."

"शर्टाचं बोलायचे," ती म्हणाली. "बटणाचं एकदाही बोलले नाही. तुझ्या लक्षात आलं नाही ना?"

नव्हतं आलं. खरं सांगतो, आत्ता लिहितानाही कान तापतात. पण तिथे त्या क्षणी मला जे वाटलं तो पश्चात्ताप नव्हता. मला वाटलं, ती हे वाक्यसुद्धा किती छान म्हणाली! नेमकी कुठे थांबली! मी आणखीच जळलो.

शेवटच्या दिवशी सामान बांधून आम्ही गाडीची वाट बघत होतो, तेव्हा पिवळ्या रुमालाची बाई लगबगीने आली. तिच्या हातात माझा डबा. बायकोने हात पुढे केला, तर बाईने मान हलवली आणि डबा माझ्या हातात दिला. जड होता. उघडला, तर आत नारळाच्या वड्या. गुळाच्या रंगाच्या, आल्याचा वास असलेल्या, चांगल्या जाड. माझी आई म्हणायची, दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. सात समुद्रांपलीकडच्या या बाईच्या आईनेही तिला तेच सांगितलं असणार. बाई माझ्याकडे बोट दाखवून बायकोशी काहीतरी बोलली, आणि कढई ढवळल्याचा हात करून दाखवला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"तिची आई विचारत होती, इतकं खमंग करणारा तो नवरा दिसतो कसा."

"म्हणजे तू तिला..."

"त्याच दिवशी सांगितलं होतं. सगळ्या टेबलाला सांगितलं होतं. टाळ्या तुलाच होत्या, अरे. तू भज्यांकडे बघत होतास."

गाडीत मी डबा मांडीवर धरून बसलो आणि एकाही वडीला हात लावला नाही. मुलीने आईला विचारलं, "इज ही सिक?"

बहारीनला परतलो तेव्हा जुलैचा शेवट होता. विमानतळाबाहेरची हवा तोंडावर आली तीच फोडणीसारखी. त्याच आठवड्यात सनदला जेवण होतं. आणि जेवणाला एक नवं जोडपं आलं होतं, मुंबईहून येऊन जेमतेम पाच दिवस झालेलं. नवरामुलगा शर्टाची कॉलर मानेपासून लांब धरून बसला होता.

"काय झालं रे?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू. सकाळी गार पाण्याचा नळ सोडला..."

त्याचं वाक्य पुरं झालंच नाही. सगळा दिवाणखाना माझ्याकडे वळला. "अरे वा! कॅरिबियन राहू दे बाजूला," काका म्हणाले. "आधी गीझर होऊन जाऊ दे!" वेताची खुर्ची रिकामी होती. समोर असे ऐकणारे, ज्यांची मान अजून लाल आहे! गोष्ट सांगणाऱ्याच्या आयुष्यात असा शुक्रवार एकदाच येतो. वड्यांचा डबा सगळ्यांना फिरवायला म्हणून माझ्याच हातात होता. तो घेऊन मी खुर्चीत बसलो.

नईम झालं. निळा शर्ट दारावर टांगला. "राखाडी," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. हशा. साबण लावला, पहिला नळ झाला, दुसरा नळ झाला. नव्या मुलाने मान चोळली. मी हात वर केला. "आणि अशा अवस्थेत, मंडळी, माझ्या डोक्यात..."

माझी नजर दाराकडे गेली. ती चहा गाळत होती. कपांकडे बघत होती, माझ्याकडे नाही. ती याही वेळी बोलणार नव्हती. पुढच्या वेळीही बोलणार नव्हती. अठरा वर्षं झाली, आणखी अठरा झाली असती.

मला वीज चमकवता येईना. आणि खरं सांगायला तोंड उघडेना. वर केलेला हात तसाच राहिला. शेवटी मी तो खाली आणला, डब्यात घातला, आणि दोन वड्या एकदम तोंडात कोंबल्या. त्या बेटावरच्या बाईच्या आईला माझे लाख प्रणाम. त्या वड्या चावायला निदान पाच मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ दोन्ही जबडे एकमेकांना सोडत नाहीत.

"अरे, वीज चमकली का नाही?" काका म्हणाले.

मी मान हलवली. नाही.

"नाही? मग बटण कोणी बंद केलं?"

मी बोट उचललं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे दाखवलं.

सगळे वळले. बायकोच्या हातातली गाळणी कपावर थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या फुगलेल्या गालांकडे पाहिलं.

"अहो, काय हे? मला नाही येत तुमच्यासारखं."

"सांगा ना," नवी नवरी म्हणाली. "मी तर आज सकाळी नुसती रडलेच."

बायको पुढे आली. हात पदराला पुसले. पहिलं वाक्य अडखळलं, दुसरं अर्ध्यावर सुटलं. "म्हणजे हे आत होते... आणि मी... थांबा हं." मला सुचत होतं. प्रत्येक शब्द सुचत होता! मी खुर्चीचे हात घट्ट धरून वडी चावत होतो. मग तिचे खांदे वर गेले. भुवया वर गेल्या. ती थांबली, जिथे मी कधीच थांबलो नाही तिथे, आणि तिने तोंडापाशी हात नेले.

"आई गं!"

काकांनी बडीशेपेची वाटी खाली ठेवली.

चाचींचं दार वाजलं, चार बाटल्या आल्या, बटण टक् झालं. काकू हसता हसता सोफ्यावर कलंडल्या. नवी नवरी उठून तिच्याशेजारी जाऊन बसली आणि विचारायला लागली की गीझर रात्री बंद करायचा की सकाळी, आणि धुण्याचं पाणी कुठून घ्यायचं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. वेताच्या खुर्चीत मी एकटा बसलो होतो, आणि तो हशा माझ्या गोष्टीला मिळायचा त्याहून लांबला. मी जळलो. अगदी मनापासून, पोट भरून जळलो.

फक्त एक सांगायचं राहिलं. सांगताना ती म्हणाली, मी हिरव्या साबणाने माखलो होतो. साबण लाल होता. तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं, म्हणून इथे लिहून ठेवतो. लाल होता.